सक्तीचा पहारा : संगणकातील अनिवार्य प्रवेशनियंत्रण आणि त्याच्या तीन अवस्था

संगणकात साठविलेली माहिती फाइलींच्या रूपाने असते आणि प्रत्येक फाइलीला कोणीतरी धनी असतो. ती फाइल कोणी वाचावी, कोणी तीत लिहावे, आणि ती कार्यक्रम असल्यास कोणी चालवावी, हे ठरविण्याचा अधिकार ह्या धन्याचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मास आलेल्या युनिक्स ह्या कार्यप्रणालीने ही रीत रूढ केली. धनी, त्याचा गट आणि बाकीचे सर्व, असे तीन वर्ग. वाचणे, लिहिणे व चालविणे, असे तीन हक्क. म्हणजे एकूण नऊ होकार अथवा नकार. ह्या नऊ खुणांवर संगणकसृष्टीचा फार मोठा व्यवहार आजही चालतो. लिनक्स ही कार्यप्रणालीदेखील हाच वारसा सांगते.

ही व्यवस्था धन्याच्या मर्जीवर उभी असल्यामुळे तिला स्वेच्छाधीन प्रवेशनियंत्रण म्हणतात. वरवर पाहता तीत काही उणे दिसत नाही. ज्याची वस्तू, त्याने तिची किल्ली कोणाला द्यावी हे ठरवावे, ह्यात गैर ते काय? परंतु संगणकात मनुष्य स्वतः काहीच करीत नाही, त्याच्या वतीने कार्यक्रम करतात, आणि घोटाळा नेमका येथेच सुरू होतो. एखाद्या मनुष्याने कार्यक्रम चालविला की त्या मनुष्याचे सारे हक्क त्या कार्यक्रमाला आपोआप प्राप्त होतात. गाणी ऐकविणाऱ्या कार्यक्रमाला गाण्यांच्या फाइली तेवढ्या वाचता आल्या म्हणजे पुरे. पण प्रत्यक्षात त्याला धन्याची खाजगी पत्रेही वाचता येतात. कार्यक्रम प्रामाणिक आहे तोवर ठीक. त्यात एखादा दोष असेल, आणि त्या दोषाचा फायदा घेऊन बाहेरच्या कोणी त्याला आपल्या तंत्राने नाचविले, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते. कार्यप्रणालीला मात्र त्यात वावगे काहीच दिसत नाही, कारण तिच्या लेखी तो धनीच ते काम करीत असतो.

दुसरी उणीव ह्याहून मोठी आहे. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला नऊ खुणांचे बंधन नाही. अनेक सेवाकार्यक्रम पूर्वी ह्याच रूटच्या अधिकाराने चालत आणि काही आजही चालतात. अशा एका कार्यक्रमात छिद्र सापडले की सारा संगणकच परक्याच्या हाती जातो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेला ‘किडा’ काही तासांत हजारो संगणकांत पसरला, तो टपालाची वाहतूक करणाऱ्या आणि वापरकर्त्यांची माहिती सांगणाऱ्या अशाच सेवाकार्यक्रमांतील दोषांवाटे. त्या दिवसापासून ह्या प्रश्नाकडे पंडितांखेरीज इतरांचेही लक्ष गेले.

पंडितांनी मात्र त्यावर आधीच पुष्कळ विचार केलेला होता. १९७३ साली डेव्हिड बेल आणि लिओनार्ड ला पादुला ह्या दोघांनी अमेरिकी वायुदलासाठी एक गणिती नमुना तयार केला. लष्करी कागदांना साधा, गुप्त, अतिगुप्त अशा श्रेणी असतात. माणसांनाही त्यानुसार परवाने असतात. ह्या नमुन्याचे दोन नियम प्रसिद्ध आहेत. आपल्या परवान्यापेक्षा वरच्या श्रेणीचा कागद वाचू नये, हा पहिला. तो कोणालाही पटेल. दुसरा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो: आपल्यापेक्षा खालच्या श्रेणीत लिहू नये. वरिष्ठ अधिकाऱ्याने साधा कागद का लिहू नये? कारण असे की, त्याच्या वतीने चालणारा एखादा दगलबाज कार्यक्रम अतिगुप्त कागद वाचून त्याची नक्कल साध्या फाइलीत उतरवू शकेल. ह्यातला महत्त्वाचा भाग पुढचाच आहे. हे नियम फाइलीच्या धन्यालाही मोडता येत नाहीत. त्याची मर्जी येथे गैरलागू. म्हणून ह्या पद्धतीस अनिवार्य प्रवेशनियंत्रण हे नाव पडले.

लष्करी श्रेणींची ही शिडी नागरी व्यवहाराला फारशी उपयोगी पडत नाही. टपाल वाहणारा कार्यक्रम आणि संकेतस्थळाची पाने पुरविणारा कार्यक्रम ह्यांत वरचा कोण नि खालचा कोण? त्यांची कामे निराळी आहेत, एवढेच. १९८५ साली बोबर्ट व केन ह्या दोघांनी सुचविलेली ‘प्रकारबंधना’ची कल्पना ह्या अडचणीतून वाट काढते. प्रत्येक चालू कार्यक्रमाला एक प्रकार आणि प्रत्येक फाइलीला एक प्रकार चिकटवावा, व कोणत्या प्रकारच्या कार्यक्रमाने कोणत्या प्रकारच्या फाइलीवर कोणती क्रिया करावी, ह्याची एक यादी असावी. यादीत जे नाही, त्याला मज्जाव. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था, एक खाजगी कंपनी आणि यूटा विद्यापीठ ह्यांच्या प्रयत्नांतून ‘फ्लास्क’ नावाची रचना सिद्ध झाली. तिच्यात निर्णय देणारा भाग आणि निर्णय अमलात आणणारा भाग हे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आहेत. न्यायाधीश वेगळा, शिपाई वेगळा. हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा. ज्या तीन अवस्थांचे वर्णन पुढे येणार आहे, त्यांचे रहस्य ह्या भेदातच आहे.

फ्लास्कची कल्पना लिनक्समध्ये उतरवून राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिचे नाव ‘सिक्युरिटी-एन्हान्स्ड लिनक्स’, संक्षेपाने ‘एसई-लिनक्स’. एका गुप्तहेर संस्थेने आपली पहारेकऱ्याची संहिता जगाला वाचावयास द्यावी, ह्याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले. परंतु संहिता उघडी असल्यामुळेच तिची कसून तपासणी होऊ शकली. लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स ह्यांनी २००१ साली अशी अट घातली की, एकाच पद्धतीला गाभ्यात मक्तेदारी मिळू नये. निरनिराळ्या सुरक्षापद्धती ज्यात बसविता येतील असा एक सामान्य सांगाडा आधी व्हावा. तो झाला, आणि २००३ मध्ये एसई-लिनक्स लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाले. ॲपआर्मर ही निराळ्या धाटणीची दुसरी पद्धत त्याच सांगाड्यात २०१० साली आली. तीही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. पण येथे एसई-लिनक्सचेच उदाहरण पुरे आहे.

आता प्रत्यक्ष कारभार कसा चालतो ते पाहू. एसई-लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला व प्रत्येक चालू कार्यक्रमाला एक चिठ्ठी लावलेली असते. तिच्यात चार पदे असतात: वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि श्रेणी. नेहमीच्या वापरात प्रकाराचेच महत्त्व सर्वांत अधिक. संकेतस्थळाची पाने पुरविणारा कार्यक्रम ‘एचटीटीपीडी-टी’ ह्या प्रकारात चालतो. पुरवावयाच्या पानांचा प्रकार ‘एचटीटीपीडी-सिस-कंटेंट-टी’. वापरकर्त्यांच्या घरच्या फोल्डरातील फाइलींचा ‘युजर-होम-टी’. पासवर्डांचे गूढ रूप जिच्यात असते त्या फाइलीचा ‘शॅडो-टी’. (ही नावे आणि पुढे येणाऱ्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) पहिल्या प्रकाराने दुसऱ्या प्रकारची फाइल वाचावी, अशी नोंद नियमावलीत आहे, पासवर्डांच्या फाइलीसंबंधी तशी नोंद नाही. तेव्हा पाने पुरविणारा कार्यक्रम उद्या परक्याच्या ताब्यात गेला, इतकेच नव्हे तर रूटच्या अधिकाराने चालत असला, तरीही पासवर्डांची फाइल त्याला उघडता येणार नाही.

कार्यक्रमाने फाइल मागितली की गाभा प्रथम जुन्या नऊ खुणा पाहतो. त्यांनी नकार दिला तर गोष्ट तेथेच संपते. एसई-लिनक्सला विचारलेही जात नाही. त्यांनी होकार दिला तरच दोन्ही चिठ्ठ्या न्यायाधीशापुढे जातात. म्हणजे नवा पहारा जुन्याची जागा घेत नाही, त्याच्या पाठीमागे उभा राहतो. जुन्याने नाकारलेले नव्याला देता येत नाही.

ह्या पहाऱ्याच्या तीन अवस्था आहेत. पहिली ‘एन्फोर्सिंग’, म्हणजे सक्तीची. न्यायाधीश निर्णय देतो, शिपाई तो अमलात आणतो, आणि नकाराची नोंद रोजनाम्यात होते. दुसरी ‘परमिसिव्ह’, म्हणजे मोकळिकीची. तीत न्यायाधीश पूर्ववत् निर्णय देतच असतो आणि नोंदही होते. शिपाई मात्र हात बांधून उभा असतो, कोणालाच अडवीत नाही. तिसरी ‘डिसेबल्ड’, म्हणजे बंद. तीत न्यायाधीशही नाही, शिपाईही नाही आणि नव्या फाइलींना चिठ्ठ्या लावणाराही कोणी नाही.

पहिल्या दोन अवस्थांतील बदल चालत्या संगणकावर क्षणात करता येतो. ‘गेटएन्फोर्स’ ही आज्ञा दिली की सध्याची अवस्था कळते. ‘सेटएन्फोर्स’ पुढे शून्य लिहिल्यास मोकळीक, एक लिहिल्यास सक्ती. पण हा बदल टिकाऊ नसतो. संगणक पुन्हा सुरू झाला की तो पुसला जातो. टिकाऊ बदलासाठी ‘इटीसी’ फोल्डरातील ‘सेलिनक्स’ ह्या उपफोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाची एक लहानशी फाइल असते, तिच्यातील एका ओळीत तीनपैकी एक शब्द लिहावा लागतो. तिच्यातच दुसरी एक ओळ नियमावलीचे नाव सांगते. बहुतेक ठिकाणी ते ‘टार्गेटेड’ असते: ह्या नियमावलीत बाहेरच्या जगाशी संबंध येणारे सेवाकार्यक्रम बांधलेले असतात, आणि सामान्य वापरकर्त्याला बहुतांशी मोकळे ठेवलेले असते. आरंभीच्या कडक नियमावलीने लोक जेरीस आले, तेव्हा काढलेला हा मधला मार्ग आहे, आणि तो शहाणपणाचा म्हटला पाहिजे. ‘सेटएन्फोर्स’ने बंद अवस्थेत जाता येत नाही, हेही नमूद करावयास हवे.

समजा, एका सार्वजनिक ग्रंथालयाचा संगणक आहे. त्यावर ग्रंथसूचीचे संकेतस्थळ चालते आणि त्याच संगणकावर सभासदांची नावे, पत्ते व वर्गणीचे हिशेब आहेत. ग्रंथपालाने नव्या पुस्तकांची यादी आपल्या घरच्या फोल्डरात तयार केली, आणि मग ती संकेतस्थळाच्या फोल्डरात हलविली. फाइल जागच्या जागी आहे, नऊ खुणाही बिनचूक आहेत. परंतु वाचकाने पान उघडताच ‘मनाई’ एवढाच शब्द दिसतो.

कारण उघड आहे, पण ते ठाऊक असणाऱ्यालाच. फाइल हलविली असता तिची चिठ्ठी तिच्याबरोबर जाते. घरी तयार झालेल्या यादीवर ‘युजर-होम-टी’ हाच प्रकार राहिला, आणि पाने पुरविणाऱ्या कार्यक्रमाला लोकांच्या घरातल्या फाइली वाचण्याची परवानगी नाही. हलविण्याऐवजी तिची प्रत केली असती, तर नव्या प्रतीला नव्या फोल्डराची चिठ्ठी मिळाली असती आणि ही अडचण उद्भवलीच नसती.

अशा प्रसंगी शेजारचा कोणी जाणकार बहुधा एकच सल्ला देतो: ते एसई-लिनक्स बंद करून टाका. पान तत्काळ दिसू लागते, सर्वांना हायसे वाटते आणि गोष्ट विसरली जाते. सभासदांच्या नावपत्त्यांवरचा पहारा त्याच क्षणी उठला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. एका चुकीच्या चिठ्ठीपायी साऱ्या वाड्याचे दरवाजे काढून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

त्याऐवजी रोजनामा वाचावा. तो कंटाळवाणा दिसतो, पण त्याची एकेक नोंद म्हणजे पूर्ण फिर्याद असते. नाकारलेली क्रिया कोणती, कोणत्या कार्यक्रमाने मागितली, त्याची चिठ्ठी काय, कोणत्या फाइलीसाठी मागितली, तिची चिठ्ठी काय, आणि शेवटी त्या वेळी मोकळिकीची अवस्था होती की नव्हती, हे सारे तीत असते. ग्रंथालयाच्या नोंदीत एका बाजूस ‘एचटीटीपीडी-टी’ आणि दुसऱ्या बाजूस ‘युजर-होम-टी’ हे दोन शब्द शेजारी दिसले की निदान झालेच. उपाय एका ओळीचा आहे. ‘रिस्टोरकॉन’ ही आज्ञा त्या फाइलीवर चालवावी. त्या जागेस योग्य अशी चिठ्ठी तिला पुन्हा लागते. पानांचा फोल्डरच मुळात नेहमीच्या जागी नसून अन्यत्र असेल, तर ‘सेमॅनेज’ ह्या आज्ञेने त्या जागेची योग्य चिठ्ठी कोणती हे आधी नोंदवावे आणि मग ‘रिस्टोरकॉन’ चालवावे. काही गरजा इतक्या नित्याच्या आहेत की त्यांच्यासाठी नियमावलीत तयार कळा ठेवलेल्या आहेत. पाने पुरविणाऱ्या कार्यक्रमाने स्वतः होऊन दुसऱ्या संगणकाशी संबंध जोडावा की नाही, ही त्यांपैकीच एक; ती ‘सेटसेबूल’ ह्या आज्ञेने उघडता-मिटता येते.

नकारांची नोंद घेऊन तीवरून आपोआप नवे परवानगीचे नियम रचून देणारा ‘ऑडिट-टू-अलाऊ’ नावाचा एक सहायकही मिळतो. तो उपयुक्त खरा, पण आंधळा आहे. नकार चुकीचा होता की योग्य, हे त्याला कळत नाही. चोराला अडविल्याची नोंद त्याच्यापुढे ठेवली तर तो चोरासाठीही परवाना लिहून देईल. त्याने लिहिलेला प्रत्येक नियम वाचल्याखेरीज स्वीकारू नये.

मग मोकळिकीच्या अवस्थेचा उपयोग काय? येथे एक बारकावा आहे. सक्तीच्या अवस्थेत कार्यक्रम पहिल्याच नकाराला थबकतो. ग्रंथालयाच्या उदाहरणात फाइलीची नुसती माहिती विचारण्यालाच नकार मिळाला, म्हणून रोजनाम्यात तेवढीच नोंद झाली. तेवढी एक परवानगी दिली तर तो पुढच्या पायरीवर, फाइल उघडताना, पुन्हा अडेल, मग वाचताना. एकेक काटा काढीत बसावे लागते. मोकळिकीच्या अवस्थेत मात्र कार्यक्रम शेवटपर्यंत जातो आणि वाटेतले सारे नकार एका फेरीत नोंदले जातात. नवा कार्यक्रम बसविताना किंवा बंद असलेला पहारा पुन्हा सुरू करताना ही अवस्था म्हणूनच मोलाची आहे. एकच उल्लंघन वारंवार घडले तरी तीत त्याची नोंद बहुधा एकदाच होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. नोंदींच्या संख्येवरून उल्लंघनांची संख्या काढू नये.

ह्या अवस्थेत संपूर्ण संगणक उघडा राहतो, हा तिचा दोष. त्यावरही तोड निघालेली आहे. ‘सेमॅनेज’नेच एखाद्या एकट्या प्रकारापुरती मोकळीक देता येते, बाकीचे कार्यक्रम सक्तीखाली राहतात आणि तेवढाच एक निरीक्षणाखाली मोकळा चालतो. ग्रंथालयात नवी सेवा सुरू करावयाची असेल, तर सारा पहारा उठविण्याऐवजी त्या सेवेपुरतीच ही सवलत द्यावी आणि काम होताच काढून घ्यावी. उलटपक्षी ज्यांना सवलतीची वाटच बंद करावयाची आहे, त्यांच्यासाठी नियमावलीत अशीही एक कळ आहे की ती दाबल्यावर, संगणक पुन्हा सुरू करीपर्यंत, रूटलाही अवस्था बदलता येत नाही.

बंद अवस्थेतून परतणे सर्वांत कठीण आहे. त्या काळात निर्माण झालेल्या फाइलींना चिठ्ठ्याच लागलेल्या नसतात. पहारेकरी एकदम सक्तीने उभा केला, तर त्याला चिठ्ठीविना फाइली जागोजाग भेटतात आणि तो आवश्यक कार्यक्रमांनाही अडवू लागतो. कित्येकदा संगणक नीट सुरूसुद्धा होत नाही. लोकांची ‘हे भारी त्रासदायक आहे’ अशी समजूत होते ती पुष्कळ अंशी ह्याच घाईमुळे. योग्य क्रम असा आहे. ‘कॉन्फिग’ फाइलीत प्रथम मोकळिकीची अवस्था लिहावी. मुळाच्या फोल्डरात ‘ऑटोरिलेबल’ नावाची, आरंभी टिंब असलेली एक रिकामी फाइल तयार करावी; ती दिसली की संगणक सुरू होतानाच साऱ्या फाइलींना नव्याने चिठ्ठ्या लावल्या जातात. फाइली पुष्कळ असतील तर ह्यास बराच वेळ लागतो. मध्येच वीज तोडू नये. त्यानंतर संगणकाची नेहमीची सारी कामे करून पाहावी, रोजनामा तपासावा, दोष दूर करावेत, आणि मगच सक्ती लावावी.

‘कॉन्फिग’ फाइलीत बंद असा शब्द लिहून पहारा मुळापासून उठविण्याची सोयही आता मागे पडली आहे. फेडोरा ह्या लिनक्सच्या वितरणाने ती २०२१ मध्ये काढली आणि २०२३ च्या ६.४ ह्या आवृत्तीपासून ती मूळ गाभ्यातूनही गेली. तेथे तो शब्द लिहिल्यास गाभ्यातील यंत्रणा उभीच राहते, तिला नियमावली तेवढी मिळत नाही. यंत्रणा खरोखरच नको असेल तर संगणक सुरू होतानाच गाभ्याला तशी सूचना द्यावी लागते. चालू गाभ्यातून सुरक्षेची यंत्रणा उपटून काढण्यासाठी तिचे काही भाग बदलते ठेवावे लागत, आणि तेच भाग हल्लेखोराच्याही हाती लागण्याची भीती होती, हे ह्या बदलामागील कारण.

ह्या पहाऱ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो गाभ्याच्या आतच बसलेला असल्यामुळे खुद्द गाभ्यात छिद्र असेल तर त्याचे फारसे चालत नाही. ज्या कार्यक्रमाला जी फाइल वाचण्याची रास्त परवानगी आहे, तो फसविला गेला तर ती फाइल फुटणारच. नुकसान होऊच नये हे ह्या पद्धतीचे उद्दिष्ट नाही. ते एका खोलीपुरते राहावे, हे आहे. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाचा एक दोष उघडकीस आला. एका संगणकात अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या एका प्रसिद्ध कार्यक्रमात, आता जवळजवळ कोणीच वापरीत नाही अशा फ्लॉपी चकतीची नक्कल करणारा भाग शिल्लक होता. त्यातून आभासी संगणकाबाहेर निसटता येत होते. परंतु जेथे एसई-लिनक्स सक्तीच्या अवस्थेत होते, तेथे प्रत्येक आभासी संगणकाला चिठ्ठीच्या चौथ्या पदात स्वतंत्र खूण दिलेली असते. एकातून निसटलेल्याला शेजाऱ्याच्या फाइलींना हात लावणे त्यामुळे अतिशय अवघड होते.

भारतात ह्या पद्धतीशी सर्वाधिक लोकांचा संबंध येतो तो त्यांच्या नकळत, खिशातील अँड्रॉइड फोनमधून. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. २०१३ मधील ४.३ ह्या आवृत्तीत एसई-लिनक्स प्रथम मोकळिकीच्या अवस्थेत आणले गेले, म्हणजे काही महिने नुसता रोजनामा वाचला गेला असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ४.४ मध्ये मोजक्या, अधिक जोखमीच्या प्रकारांना सक्ती लागू झाली. २०१४ च्या ५.० ह्या आवृत्तीत ती सर्व प्रकारांना लागू झाली. आता फोनच्या उत्पादकाने अँड्रॉइडची मान्यता मिळवावयाची तर फोन सक्तीच्या अवस्थेतच असावा लागतो, आणि फोन वापरणाऱ्याला तो बदलण्याची कळ दिलेली नसते.